इंग्रजीतला ळ

इंग्रजी भाषेत ळ नाही, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नवापूरला, एका गोऱ्या साहेबासमोर उभं असताना कळलं. त्याआधीचे काही महिने तो आहे असं मी धरून चाललो होतो. नुसतं धरून चाललो असतो तरी निभावलं असतं. पण जिथे जिथे तो मला दिसला नाही तिथे तिथे मी तो स्वतःच्या हाताने, चांगल्या शाईने, बसवला होता.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमच्या जिभेबद्दल सांगायला हवं. आमचं गाव तापीकडच्या सपाटीवर, नंदुरबारपासून पायी दीड तासावर. घरात, शेतात, ओट्यावर बोलणं सगळं अहिराणी. आणि अहिराणीत ळ ला जागा नाही. डाळ असते ती दाय, डोळा असतो तो डोया, सकाळ असते ती सकाय. आम्ही शाळेला शाया म्हणत शाळेत जायचो आणि तिथे त्याच शब्दासाठी उभे राहायचो. मराठीचे मास्तर पुण्याकडचे. त्यांना आमच्या तोंडचा य ऐकून खरोखरच दुखत असावं, कारण कुणी तो उच्चारला की ते डोळे मिटून घेत. आमच्यासाठी त्यांनी एक वाक्यच तयार केलं होतं : काळ्या तळ्याजवळ पिवळं केळं. रोज हजेरीनंतर एकेकाने उठून ते म्हणायचं. अर्धा वर्ग ‘काया तयाजोडे पिवयं केय’ म्हणून खाली बसायचा, म्हणजे बसायचा नाही, उभाच राहायचा.

मी मात्र ते वाक्य जिंकलं. आंघोळ करताना, गुरं पाण्यावर नेताना, जीभ मागे वळवून वळवून मी ळ असा घोटला की मास्तरांनी एकदा मला दुसऱ्या वर्गात नेऊन म्हणून दाखवायला लावलं. त्या दिवसापासून मी घरीसुद्धा डाळ मागू लागलो. आईला वाटलं जिभेला फोड आलाय. तिने हळद लावली.

या सगळ्यातून माझ्या डोक्यात एक नियम पक्का बसला. आपल्या तोंडात जिथे आपोआप य येतो, तिथे शिकलेल्या माणसाचा ळ असतो. नियम म्हणून तो वाईट नव्हता. त्याने मला मॅट्रिकपर्यंत आणलं.

मॅट्रिक झालो तेव्हा दुसरी लढाई अजून दोन-तीन वर्षं लांब होती आणि नोकऱ्या त्याहून लांब. थोरला भाऊ नंदुरबारला जिनात कापूस तोलायला होता; मी घरी. सहा महिने वडिलांनी काही म्हटलं नाही. मग एका दिवशी जेवताना, ताटातून वर न बघता, ते म्हणाले, “आखाजीले साल्दार बदलतस.”

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे त्या दिवशी शेतावरचा वर्षाचा गडी, साल्दार, ठरतो. जुना राहतो किंवा जातो, नवा येतो. त्या वर्षी आमचा साल्दार त्याच्या सासुरवाडीला शेती करायला निघून चालला होता.

“तुले नोकरी लागनी ते मी दुसरा साल्दार ठेवस,” वडील म्हणाले. “नही ते तूच मन्हा साल्दार.”

एवढंच. त्यांनी दुसरी भाकरी मागितली. मी मात्र त्या क्षणापासून दिवस मोजू लागलो. वखर धरायला मला लाज वाटत होती असं नाही, भीती वाटत होती. वडिलांच्या हाताखाली वर्षभर टिकलेला साल्दार गावात आजवर एकच होता, आणि तोच निघाला होता.

त्यात कळलं की नवापूरला जंगल खात्याच्या कचेरीत इंग्रजी कारकून घ्यायचा आहे. आखाजीच्या आठवडाभर आधी साहेब स्वतः उमेदवार बघणार. अक्षर बघणार, वाचून घेणार, आणि मग चार गोष्टी बोलणार. अक्षर माझं बरं होतं. वाचायला मला भीती नव्हती. पण बोलायचं तर माझ्याजवळ शाळेतले शब्द होते, आणि शाळेतले शब्द सगळ्यांजवळच होते. साहेब गप्प व्हावा असे शब्द हवे होते.

ते मामांकडे होते. माझे सख्खे मामा रेल्वेत तारमास्तर होते आणि निवृत्त होऊन नंदुरबारला स्टेशनच्याच रस्त्यावर राहत होते. तीस वर्षांच्या नोकरीत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, त्यांनी एक वही तयार केली होती. जुन्या रजिस्टराचा पुठ्ठा, आत तीन रकाने : शब्द, उच्चार, अर्थ. शब्द अवघड तेवढेच घेतलेले. उच्चार देवनागरीत. आणि अर्थ मामांच्या स्वतःच्या अनुभवातले. ‘मेलँकली’पुढे लिहिलं होतं, ‘गाडी सुटल्यावर फलाटावर उरलेल्या माणसास होते ते’. ‘इनेव्हिटेबल’पुढे, ‘जे येणारच; उदा. तपासणीस’. ‘लॉक्वेशस’पुढे नुसतं मामींचं माहेरचं गाव लिहून खोडलेलं होतं आणि शेजारी ‘फार बोलणारा’.

वही देताना मामा म्हणाले, “उच्चार मी गोऱ्या गार्डच्या तोंडून घेतले आहेत. एकेक शब्द त्याला तीनदा विचारून. त्यात फेरफार करायचा नाही.”

मी मान हलवली आणि घरी येऊन फेरफार केला.

त्याचं असं झालं. वही मामांना परत द्यायची होती, म्हणून मी माझ्यासाठी दुसरी उतरवून घेऊ लागलो. दुसऱ्याच पानावर शब्द आला, अर्थ ‘धर्मशील, देवभोळा’, आणि उच्चार ‘पायस’. मी थांबलो. मामा माझे लाडके खरे, पण त्यांचं तोंड मला माहीत होतं. मामा आजन्म दायच खात आले होते. गार्ड गोरा असेल, पण त्याचं ऐकणारा कान तर खानदेशीच ना? गार्डाने ळ म्हटला असणार आणि मामांच्या कानात शिरेपर्यंत त्याचा य झाला असणार. बिचारे मामा! तीस वर्षं वही जपली आणि उच्चार गावठी.

मी लिहिलं : पाळस.

आता कुणी म्हणेल, शब्दात एल हे अक्षर नसताना ळ कुठून येईल? हा प्रश्न मलाही पडला होता. मी अगदीच बिनडोक नव्हतो. पण इंग्रजीत ‘कर्नल’ लिहिताना मधे एल लिहितात आणि म्हणताना र म्हणतात, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ‘नाइफ’च्या आधी एक अक्षर उगीचच येऊन बसतं. ज्या भाषेत लिहिलेलं अक्षर गप्प बसतं, तिथे न लिहिलेलं बोलत असेल तर नवल काय? एवढा विचार करून मी पुढे गेलो. बॉयंट, म्हणजे तरंगणारा, उमेदीचा, त्याचं बॉळंट केलं. फ्लॅम्बॉयंटचं फ्लॅम्बॉळंट. डिफायन्सचं डिफाळन्स. जे शब्द शाळेतले, कानावरून गेलेले, त्यांना हात लावला नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या य लाही हात लावला नाही, कारण ळ ने शब्द सुरू होत नाही हे मी व्याकरणात वाचलं होतं. चुकतानाही मी नियम सोडला नाही, हे माझ्या मास्तरांना कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाळीसेक शब्द असे सुधारून झाल्यावर पाठांतर सुरू केलं. जागा म्हणजे आमचं मागचं अंगण. तिथे मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या आणि माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, त्यांचे देठ खुडत बसायची. वहिनी शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिचा कान असा की एकदा ऐकलेली ओवी दुसऱ्यांदा ती म्हणायची. मी वही घेऊन फेऱ्या मारायचो आणि ती खाली मान घालून माझ्यामागून शब्द म्हणायची, आधी चिडवायला, मग सवयीने.

“बॉळंट,” मी म्हटलं.

“कोण बायंत व्हयनी?” वहिनीने मान वर केली.

“बाळंत नाही, बॉळंट. म्हणजे उमेदीचा, पाण्यावर तरंगणारा.”

“असं. बॉयंट.”

“य नाही वहिनी, ळ. जीभ मागे घ्या. ळ.”

तिने जीभ मागे घेतली, ठसका लागला, मिरचीचा हात डोळ्याला गेला. डोळ्याला पाणी लावून परत आल्यावर ती म्हणाली, “मन्हा तोंडमा ते बसतच नही, भाऊ. मी बॉयंटच म्हनसू. तुम्हना साहेब मले थोडाच इचारी ऱ्हायना?”

मला तिची दया आली. एवढी हुशार बाई, आणि जीभ गावातच राहिली. मी रोज तिला दोन-तीनदा सुधारायचो. ती रोज तितक्याच शांतपणे पायस, डिफायन्स, फ्लॅम्बॉयंट म्हणत देठ खुडायची. बाकीचे शब्द तर तिने कामालाच लावले होते. आई ओट्यावर शेजारणीशी बोलायला बसली की ती मला हळूच म्हणायची, “लॉक्वेशस.” गोठ्यातला बांडा बैल उठेना की “ऑब्स्टिनेट!” म्हणून ओरडायची. तो उठायचा. एकदा वडिलांनी ते ऐकलं आणि विचारलं, “बैलले काय म्हनी ऱ्हायनी ती?” मी म्हटलं, इंग्रजी आहे. ते म्हणाले, “त्याले समजस, मंग तुन्हा साहेबले बी समजी.”

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने नवापूरला उतरलो. भावाचा कोट, माझी टोपी, आणि खिशात नाही पण डोक्यात वही. साहेबाचा मुक्काम बंगल्यात होता. व्हरांड्यात टेबल, टेबलामागे साहेब, त्याच्या डाव्या हाताला कचेरीचे हेडक्लार्क. हेडक्लार्क वयस्क, बारीक, बोलणं इतकं शुद्ध की मला आमच्या मास्तरांची आठवण आली. उमेदवार आम्ही तिघे. पहिला सुरतेकडचा, तो ‘येस सर’ आणि ‘नो सर’ यापलीकडे गेलाच नाही. दुसऱ्याचं अक्षर बघूनच साहेबाने नकाराची मान हलवली. मग मी.

सुरुवात इतकी छान झाली की अजून आठवली की जीव हळहळतो. साहेबाने सांगितलेला मजकूर मी एकही खाडाखोड न करता उतरवला. त्याने कागद हेडक्लार्कना दाखवला आणि दोघांनी एकमेकांकडे बघून समाधानाने माना डोलावल्या. एक उतारा वाचायला दिला, तो मी न अडखळता वाचला. मला दिसत होतं, नोकरी टेबलावर पडली आहे, नुसती उचलायची आहे. वडिलांना नवा साल्दार शोधावा लागणार होता.

मग साहेब मागे टेकून म्हणाला, तुमच्या गावातले लोक कसे आहेत ते सांगा.

‘चांगले आहेत’ असं सांगता आलं असतं. गुड, काइंड, सिंपल, शाळेतले तीन शब्द आणि काम संपलं असतं. पण चाळीस शब्द आत दाराशी गर्दी करून उभे होते. मी म्हटलं, “सर, माय पीपल आर व्हेरी पाळस.”

साहेबाचे डोळे चमकले. तो लगेच पुढे झुकला आणि त्याने एक वही काढली. आता ध्यानात घ्या, त्याचीही एक वही होती. तो या मुलखात आल्यापासून लोकांच्या बोलीतले शब्द, उच्चार आणि अर्थ लिहून घेत होता. बंगल्यासमोर पळसाची झाडं उभी होती. त्याने त्यांच्याकडे बोट केलं. हाच का पळस? तुम्ही याला पुजता का?

साहेब देवभोळेपणाबद्दल विचारतोय आणि उदाहरणासाठी झाड दाखवतोय, असं मला वाटलं. मी म्हटलं, येस सर. त्याने लिहून घेतलं. आमचं अख्खं गाव पळसाच्या झाडावरून नाव सांगतं असं काहीतरी त्याने लिहिलं असावं.

“अँड?” साहेब म्हणाला.

“अँड, सर, दे आर ऑल बॉळंट.”

हा शब्द त्याला झाडांत सापडेना. त्याने हेडक्लार्ककडे बघितलं. हेडक्लार्क चुळबुळले, चष्मा काढला, पुसला आणि अत्यंत सभ्य इंग्रजीत म्हणाले, की नुकतंच मूल झालेल्या बाईला आमच्याकडे तसं म्हणतात, साहेब.

साहेबाने पेन थांबवून मला विचारलं, “ऑल ऑफ देम?”

“येस सर,” मी छाती काढून म्हटलं. “मेन ऑल्सो.”

बंगल्यामागे कुणीतरी कोंबडी पकडत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. मग साहेबाने मला त्या दोन शब्दांची स्पेलिंगं विचारली. ती मला तोंडपाठ होती. मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने लिहिलं, बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उलगडला. “पायस,” तो म्हणाला. “बॉयंट.”

इथे जरी मी गप्प बसलो असतो! पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, हा साहेब खानदेशात किती वर्षं आहे कोण जाणे, शिपाई आमचे, खानसामा आमचा, दिवसरात्र आमचीच माणसं आजूबाजूला. बिचाऱ्याच्या गोऱ्या जिभेलाही आमचा य लागला! मी त्याला मोठ्या आदराने समजावून सांगितलं. साहेब, इकडचे लोक य म्हणतात. मीही पूर्वी म्हणायचो. पण शुद्ध उच्चार ळ आहे. जीभ जरा मागे घेऊन बघा.

साहेबाने खरोखर जीभ मागे घेतली. काय निघालं ते मला लिहिता येणार नाही. तो माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

हेडक्लार्क मात्र टेबलावर हात ठेवून, मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “मग मघाशी ‘माय पीपल’ का म्हणालात? ‘माळ पीपल’ का नाही?”

मी तोंड उघडलं. माय हा शब्द मी इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून म्हणत आलो होतो. त्याच्यामागोमाग आय आला, लाय आला, फ्लाय आला, सगळे य घेऊन एका रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्यासमोर माझे चाळीस ळ. कुणाकुणाला सुधारणार? पायाखालची फरशी थंड लागली, एवढं आठवतं.

साहेबाने वहीतल्या दोन ओळी खोडल्या, माझे आभार मानले, आणि सुरतेकडच्या उमेदवाराला परत बोलावलं.

मी पायऱ्या उतरत होतो तर हेडक्लार्क मागून आले. व्हरांड्याच्या सावलीत उभे राहून त्यांनी विचारलं, “कोनतं गाव तुन्हं?”

मी चमकून वर बघितलं. तेच गृहस्थ, तोच चष्मा. मी गाव सांगितलं.

“इंग्रजीमा ळ नही रे भाऊ,” ते म्हणाले. “एक बी नही. मी बी तुन्हा वयमा एक वकीलले भरी कोर्टमा लॉळर म्हनेल शे.” ते हसले नाहीत. फक्त माझ्या कोटाची मुडपलेली कॉलर सरळ केली आणि परत टेबलाशी जाऊन शुद्ध बोलू लागले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून सगळे शब्द एकेक करून दुरुस्त केले. त्याला फार वेळ लागला नाही. वहिनी जसं म्हणायची तसं म्हणत गेलो, की झालं.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. वहिनी अंगणात मिरच्या गोळा करत होती, वडील ओट्यावर. “साहेबनी काय सांगं?” त्यांनी विचारलं. खोटं सांगायची तयारी मी गाडीत केली होती, पण वहिनीकडे बघितलं आणि जे घडलं ते सगळं सांगून टाकलं, पळस, बाळंत, साहेबाची जीभ, सगळं. वहिनी पाटी खाली ठेवून, पदर तोंडात कोंबून हसली. आई हसली. हसता हसता वहिनी म्हणाली, “म्हनजे भाऊ, मले इंग्रजी येस?” मी म्हटलं, “येस वहिनी. तुम्हालाच येस.”

वडील हसले नाहीत. उठून आत गेले. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. ते बाहेर आले ते हातात एक गाठोडं घेऊन. आमच्याकडे साल्दार ठरला की त्याला मालक धोतरजोडी, एक घोंगडी आणि पायात घालायला जोडे देतो. गाठोड्यात तेच होतं. त्यांनी जोडे काढून माझ्यापुढे ठेवले.

“घाली देख.”

मी पाय आत घातला. अगदी बरोबर बसला. आमच्या घरात माझा पाय सगळ्यांत मोठा. भावाचे, वडिलांचे, कुणाचेच जोडे मला कधी आले नाहीत. म्हणजे हे माप देऊन करून घेतलेले. आमच्या गावाला मोची येतो तो बाजाराच्या दिवशी, आणि बाजार होऊन पाच दिवस झाले होते. नवापूरला तर मी आज सकाळी गेलो होतो.

मी वडिलांकडे बघितलं. ते अंगणाच्या पलीकडे, शेतात उभ्या राहिलेल्या कापसाच्या वाळक्या झाडांकडे बघत होते.

“पऱ्हाटी उपटानी शे अजून,” ते म्हणाले. “सकाय लवकर ऊठ.”

मी दुसराही जोडा घातला आणि ओट्यावरून दोन पावलं चालून बघितलं. टाचेला जरा चावत होते.